शिंदे, एदोगावा

केंदोच्या, म्हणजे बांबूच्या तलवारीने खेळायच्या जपानी युद्धकलेच्या, सरावात कमरेला जे कवच बांधतात त्याला तारे म्हणतात आणि त्याच्या मधल्या पाकळीवर गडद निळ्या कापडाची एक पट्टी चढवलेली असते. पट्टीच्या वरच्या बाजूला आडव्या ओळीत गावाचे किंवा क्लबचे नाव आणि त्याखाली उभ्या ओळीत, मोठ्या पांढऱ्या अक्षरांत, खेळणाऱ्याचे आडनाव, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. डोक्यावर जाळीचे शिरस्त्राण चढले की समोरच्याचा चेहरा नीट दिसत नाही, त्यामुळे माणूस ओळखायचा तो या पट्टीवरून. माझ्या पट्टीवर वर ‘एदोगावा’ ही तीन कांजी, म्हणजे चिनी मुळाची, अक्षरे आहेत आणि खाली, परकीय नावे ज्या लिपीत लिहितात त्या काताकानात, तीनच अक्षरांत ‘शिंदे’ असे लिहिलेले आहे.

जपानमध्ये राहणाऱ्या प्रत्येक शिंद्यांना कधी ना कधी कळते ते मलाही तोक्योत आल्यावर पहिल्या वर्षीच कळले होते. ‘शिंदे’ हा उच्चार जपानी कानाला ‘मरून’ असा ऐकू येतो. मरणे या क्रियापदाचेच ते एक रूप आहे. दवाखान्यात माझे नाव पुकारताना तिथल्या बाईंनी आवाज एकदम खाली आणला होता, तेव्हा शेजारी बसलेल्या सहकारी मैत्रिणीने मला त्याचे कारण सांगितले. जिथे चार या अंकाचा उच्चार मृत्यूच्या उच्चारासारखा आहे म्हणून काही इमारतींत चौथ्या क्रमांकाची खोलीच ठेवत नाहीत, तिथे हे आडनाव कमरेवर बांधून हातात काठीची तलवार घेऊन कोणासमोर उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हती.

पट्टी मागवायची वेळ आली तेव्हा आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे गुरुजींनी, सराव संपल्यावर मला थांबवून घेतले. ते तेव्हा सत्तरी ओलांडलेले, सातव्या दानाचे, म्हणजे केंदोतल्या सातव्या श्रेणीचे, रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. समोरासमोर सेइझात, म्हणजे आपण ज्याला वज्रासन म्हणतो तसे, बसल्यावर त्यांना विषय काढायला बराच वेळ लागला. शेवटचा स्वर लांबवण्यासाठी काताकानात एक रेघ देतात, ती दिली तर वाचणाऱ्याला दुसरा अर्थ लागणार नाही, असे त्यांनी सुचवले. किंवा पुष्कळ परदेशी लोक पहिले नाव लिहितात तसेही चालेल, पण ठरवायचे तुम्हीच, असे म्हणून त्यांनी कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला. मी एक रात्र मागून घेतली आणि कोल्हापूरला वडिलांना फोन केला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “नाव हाय ते हाय. त्याला काना-मात्रा कशाला वाढवायची?”

पुढच्या बुधवारी मी सेन्सेईंना ‘आहे तसेच’ असे सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि अर्जावर माझे नाव स्वतःच्या हाताने, एकेक अक्षर सावकाश लिहून काढले. पट्टी आली त्या दिवशी एका लहान मुलाने ती मोठ्याने वाचली आणि तो हसला. सेन्सेई त्याला रागावले नाहीत. सराव संपताना सगळे एका ओळीत बसून एकमेकांना नमस्कार करतात, तेव्हा त्यांनी त्या मुलाला माझ्यासमोर बसवले आणि माझे आडनाव घेऊन, ‘सान’ हा आदराचा प्रत्यय लावून, आभार मानायला सांगितले. त्याने ते स्पष्ट आवाजात म्हटले. त्यानंतर आमच्या क्लबात त्या उच्चाराकडे सगळ्यांनी फक्त माझे नाव म्हणूनच पाहिले.

हा क्लब म्हणजे पूर्व तोक्योतल्या एदोगावा भागातल्या एका प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत बुधवारी संध्याकाळी आणि शनिवारी जमणारी पंचवीस-तीस माणसे. निशि-कासाई हे इथले स्थानक आपल्या लोकांना चांगले ठाऊक आहे. २००० सालच्या सुमारास संगणकांच्या तारखांचा जो प्रश्न उभा राहिला होता त्या कामासाठी भारतीय अभियंते इथे आले आणि राहिले; २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक इथल्या महापालिकेवर निवडूनही आले. सोय इतकी आहे की ऑफिस आणि आपली माणसे एवढ्यावर इथे अनेक वर्षे निघून जातात आणि शेजारच्या जपानी घरात कोण राहते हे कळतही नाही. माझी तीन वर्षे तशीच गेली. एका संध्याकाळी शाळेच्या भिंतीपलीकडून मुलांच्या ओरडण्याचा आणि लाकडी जमिनीवर पाय आपटल्याचा आवाज आला आणि मी फाटकापाशी थांबले. तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

माझे आजोबा कोल्हापुरात एका पेठेतल्या तालमीचे वस्ताद होते. लहानपणी उन्हाळ्यात संध्याकाळी त्यांच्यासाठी थंडाईचा तांब्या घेऊन मी तालमीच्या उंबऱ्यापर्यंत जात असे. आत तांबड्या मातीचा हौदा होता. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर मुरवलेला असे आणि तिचा थंडगार वास दारापर्यंत येई. पठ्ठे जोर काढत, माती खोऱ्याने उकरत, एकमेकांना धरून घुमत, आणि मी उंबऱ्याबाहेर तांब्या धरून उभी. माझे दोन्ही भाऊ आत होते. मी एकदा, आठ-नऊ वर्षांची असेन, एक पाय आत ठेवला तेव्हा कोणीतरी तो तांब्या माझ्या हातातून घेतला आणि मला हलकेच मागे सारले. “पोरींनी हौद्यात यायचं नसतं,” एवढेच सांगितले गेले. आजोबा माझ्यावर जीव टाकत असत, तरी त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. मारुतीचे स्थान, ब्रह्मचर्याची शिस्त, परंपरा ही सगळी कारणे मला पुढे कळली. ती कळल्याने माझे दुःख कमी झाले नाही, हे मला आज नीट शब्दांत लिहून ठेवायचे आहे.

म्हणून शाळेच्या फाटकापाशी थांबलेल्या मला आतल्या एका बाईंनी “बघायला आत या ना” असे म्हटले तेव्हा मी दारातच थबकले. त्यांनी मला बूट काढायला सांगितले आणि एक उशी आणून दिली. पुढच्या आठवड्यात सेन्सेईंनी मला फक्त दोन प्रश्न विचारले: बुधवारी कामावरून वेळेवर सुटता येईल का, आणि गुडघे ठीक आहेत का. मी बाई आहे, परदेशी आहे, पस्तिशीची आहे, यांतले काहीही त्या प्रश्नांत नव्हते.

जपानला मी यातून स्वर्ग ठरवत नाही. सुमोच्या दोह्योवर, म्हणजे मातीच्या त्या गोल आखाड्यावर, स्त्रीने पाऊल ठेवायचे नसते हा नियम इथेही आहेच. २०१८ मध्ये माइझुरू शहरात दोह्योवर भाषण करताना तिथले महापौर कोसळले, प्रथमोपचारासाठी धावलेल्या स्त्रियांना ध्वनिक्षेपकावरून खाली उतरायला सांगितले गेले आणि देशभर त्यावर वाद झाला. ती बातमी मी तोक्योत वाचली तेव्हा मला तांब्या आठवला. आणि आपल्याकडेही सगळे जिथल्या तिथे राहिलेले नाही. २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडीने ती जिंकली, तेव्हा वडिलांनी मला फोनवर त्या कुस्तीचे वर्णन अर्धा तास ऐकवले होते.

केंदोच्या क्लबात ज्येष्ठता वयावर ठरत नाही. कोण आधी आले, कोणाची श्रेणी वरची, यावर बसण्याची ओळ लागते. त्या हिशेबाने माझी पहिली सेनपाई, म्हणजे वडीलधारी, चौथीतली एक मुलगी होती. हाकामाच्या, म्हणजे कमरेला बांधायच्या घोळदार वस्त्राच्या, पुढच्या पाच चुण्या कशा धरायच्या, मागची पाठ कमरेला कशी बसवायची, लांब बंद कुठून फिरवून कुठे गाठ मारायची, हे तिने मला शिकवले. गाठ चुकली की ती काही न बोलता ती सोडत असे आणि बंद पुन्हा माझ्या हातात देत असे. उकिडवे बसणे आणि वज्रासन ही दोन आसने मात्र मला कोणी शिकवावी लागली नाहीत. लढतीच्या आधी दोघे शिनाईची, म्हणजे बांबूच्या तलवारीची, टोके समोर धरून सोनक्योत, म्हणजे चवड्यांवर उकिडवे, बसतात. तिथे माझा तोल पहिल्या दिवसापासून स्थिर होता, आणि परक्या जागी आपल्या अंगात आधीपासून असलेली एखादी गोष्ट उपयोगी पडते तेव्हा मिळणारा धीर किती मोठा असतो, हे मी तेव्हा अनुभवले.

सरावाआधी आणि नंतर सगळे मिळून जमीन पुसतात. ओले फडके दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून, कंबर वर उचलून, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत धावत जायचे आणि परत यायचे. लहान मुले, त्यांच्या आया, बँकेतले अधिकारी, सगळेच ते करतात. सेन्सेईंना गुडघ्यामुळे ते जमत नाही, म्हणून ते बादलीपाशी उभे राहून फडकी पिळून देतात. आजोबांच्या तालमीत हौद्याची माती उकरण्याचे काम नव्या पठ्ठ्याला मिळे आणि ते मिळणे हा मान असे. पहिल्यांदा फडके धरून धावले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. मान खाली असल्याने ते कोणाला दिसले नाही.

तरीही पहिले वर्षभर मी पाहुणीच होते. मी काहीही केले तरी “ओजोझु देसु ने”, किती छान जमते तुम्हाला, असे ऐकू येई. जपानीत दोन वाक्ये बोलले तरी कौतुक, शिरस्त्राणाची दोरी नीट बांधली तरी कौतुक. शेजारच्या मुलाला मात्र त्याच दोरीच्या दोन टोकांची लांबी सारखी नाही म्हणून ती पुन्हा बांधायला लावलेली असे. लोक मनापासून चांगले वागत होते यात मला कधीच शंका नव्हती. पण आपल्या घरीही पाहुण्याने केलेल्या पोळीला कोणी नावे ठेवत नाही, आणि सुनेच्या पोळीबद्दल मात्र घरातले खुलेपणाने बोलतात. मला त्या खुलेपणाची भूक लागली होती.

तो दिवस चौदाव्या महिन्यात आला आणि तो माझ्या चुकीमुळे आला. शिनाई ही बांबूच्या चार पट्ट्यांची असते. मुठीला आणि टोकाला चामडे, मध्ये एक चामडी बांध आणि एका बाजूने ताणलेली दोरी. मोठ्या बायकांची शिनाई १२० सेंटिमीटरपर्यंत लांब आणि किमान ४४० ग्रॅम वजनाची असते. मार बसून बसून पट्ट्यांच्या कडा उसवतात आणि बांबूच्या सळ्या निघतात. दर सरावाआधी चारही पट्ट्यांवरून बोट फिरवून त्या तपासायच्या असतात. त्या दिवशी ऑफिसातून धावत आले होते आणि मी ते केले नाही. समोर माध्यमिक शाळेतला एक मुलगा होता. दोन-तीन वार झाले असतील, तोच सेन्सेईंचा “यामे!” असा आवाज घुमला आणि सगळी व्यायामशाळा थांबली. ते चालत आले, माझ्या हातातून शिनाई घेतली आणि अंगठा एका पट्टीवरून खाली सरकवत नेला. जेमतेम नखाएवढी एक सळी बाहेर आली होती. ती त्यांनी त्या मुलाच्या शिरस्त्राणाच्या जाळीपाशी धरली. जाळीच्या दोन आडव्या गजांमधून ती सहज आत जात होती.

त्यानंतर ते जे बोलले ते सगळ्यांच्या देखत, भरभर, आदरार्थी प्रत्यय एकही न लावता बोलले. या मुलाचा डोळा गेला असता तर त्याच्या आईपुढे तू कशी उभी राहिली असतीस, असा त्याचा अर्थ होता. मी मुलासमोर जमिनीवर डोके टेकवून क्षमा मागितली आणि बाहेर चपलांच्या मांडणीपाशी जाऊन बसले. माझे हात थरथरत होते. पाचेक मिनिटांनी तीच चौथीतली मुलगी, आता ती सहावीत होती, बाहेर आली आणि तिने स्वतःची जास्तीची शिनाई माझ्यापुढे धरली. ती माझ्यासाठी आखूड होती. मी ती घेऊन आत गेले.

सराव संपल्यावर सेन्सेईंनी मला शेजारी बसवले. शिनाई सोडली, पट्ट्या वेगळ्या केल्या, मुठीच्या टोकाशी चारही पट्ट्यांच्या खाचेत बसणारा लोखंडी चौकोनी तुकडा मला काढून दाखवला, चाकूने सळी तासली, काचकागद फिरवला आणि कापडाने तेल लावले. मग सगळे पुन्हा बांधून ते मला सोडायला सांगितले आणि मी स्वतः पुन्हा बांधेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. धीर देणारे एकही वाक्य ते बोलले नाहीत. घरी परतताना माझ्या लक्षात आले की त्या संध्याकाळी त्यांनी मला प्रथमच ‘तू’ म्हटले होते.

तेव्हापासून सगळे बोलू लागले. डाव्या तळहातावर करंगळी आणि अनामिकेच्या मुळाशी घट्टे पडले पाहिजेत, तुझे उजव्या हाताला पडतात, म्हणजे तू उजव्या हाताने ओढतेस, असे एका बाईंनी माझा हात उलटा करून सांगितले. आवाजाबद्दल तर सगळ्यांचीच तक्रार होती. केंदोत वार करताना जिथे मारायचे त्या भागाचे नाव पोटातून ओरडायचे असते, डोक्यावर मारले तर ‘मेन’, मनगटावर ‘कोते’, धडावर ‘दो’. आवाज, शिनाई आणि पाय तिन्ही एकाच क्षणी पडले तरच तो वार धरला जातो. माझा आवाज गळ्यातच अडत असे. ‘पोरीच्या जातीला एवढा आवाज शोभत नाही’ हे वाक्य आमच्या घरात आजीने, आत्यांनी, शेजारणींनी मला इतक्या वेळा ऐकवले होते की पस्तिसाव्या वर्षी एका परक्या देशातल्या शाळेत ते माझ्या घशात येऊन बसले होते. जानेवारीतल्या पहाटेच्या कानगेइकोत, थंडीतल्या त्या खास सरावात, पायाखालची लाकडी जमीन बर्फासारखी असताना तिसऱ्या दिवशी तो आवाज सुटला. शेजारी उभ्या असलेल्या आजोबांच्या वयाच्या गृहस्थांनी मान वळवून पाहिले आणि स्वतःचा आवाज चढवला.

आपल्याकडच्या मुलींच्या बाबतीत ही वाट अगदीच अनोळखी नव्हती, हे मला इथे आल्यावर कळले. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२९ मध्ये ताकागाकी शिंझो या ज्युदो शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावले होते आणि त्यांच्याकडे मुलांबरोबर मुलीही शिकल्या. जवळजवळ शतकापूर्वी बंगालच्या माळावर मुलींना जे मिळाले होते ते कोल्हापुरात माझ्या लहानपणी मिळत नव्हते, आणि यावर मी अजूनही विचार करते.

दरवर्षी ३ नोव्हेंबरला निप्पोन बुदोकानमध्ये अखिल जपान केंदो स्पर्धा भरते. निशि-कासाईहून तोझाई मार्गिकेने थेट कुदानशिताला उतरायचे आणि तायासुमोन हा जुना दरवाजा ओलांडून आत जायचे. पहिल्या वर्षी मला तिथल्या शांततेचे नवल वाटले. डोळ्याने टिपता येणार नाही असा वार होतो, तीन पंच झेंडे उचलतात आणि ज्याने तो वार केला तो चेहऱ्यावर, अंगावर काहीही न दाखवता पुन्हा सज्ज होऊन उभा राहतो. त्या सज्जतेला झांशिन म्हणतात. मूठ वर उचलून आनंद दाखवला तर मिळालेला गुण काढून घेतला जातो. शड्डूचा आवाज ऐकत वाढलेल्या मला हे समजायला वेळ लागला. शड्डू मला आजही प्रिय आहे. खासबागेत पैलवान मांडीवर थाप मारतो तेव्हा अंगावर उभा राहणारा काटा खोटा नसतो. पण मनगटावर मार खाऊन मान खाली घातलेला प्रतिस्पर्धी समोर असताना आपला आनंद आवरून धरणे म्हणजे त्याला दिलेला मान आहे, हे त्या दिवशी मला पटले.

तिथे बसले की मला नेहमी अँटन खेसिंक आठवतो. हे सभागृह १९६४ च्या ऑलिंपिकमधल्या ज्युदोसाठी बांधले गेले आणि त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला खुल्या गटाच्या अंतिम लढतीत या डच माणसाने कामिनागा अकिओला जमिनीवर धरून ठेवून हरवले. ज्युदो जपानचा, सभागृह जपानचे, प्रेक्षक जपानचे. त्याचे देशबांधव आनंदाने आखाड्यावर धावू लागले तेव्हा प्रतिस्पर्ध्यावरून अजून पुरता उठलेलाही नसताना त्याने हात वर करून त्यांना थांबवले. आमचे सेन्सेई तेव्हा शाळकरी मुलगा होते. त्या हातामुळे आपल्याला हार सहन झाली, असे त्यांच्या वडिलांनी म्हटल्याचे त्यांनी मला एकदा सांगितले.

२०२० मध्ये सराव बंद पडला. पुन्हा सुरू झाला तो शिरस्त्राणाच्या आत मुखपट्टी लावून, अर्ध्या दमाने. त्यातच माझी पहिल्या दानाची परीक्षा लांबली आणि ती पुढे एका रविवारी दिली. लेखी उत्तर जपानीत, हाताने लिहायचे असते. मला प्रश्न आला तो मनाच्या चार व्याधींचा: आश्चर्य, भीती, शंका आणि गोंधळ. समोरच्याला पाहून यांपैकी एक जरी मनात आली तरी हात अडतो. मी पान भरून लिहिले आणि भीतीबद्दल लिहिताना उंबऱ्याचा उल्लेख केला. तो परीक्षकांना कितपत कळला असेल कोण जाणे, पण दुसरे उदाहरण मला सुचले नाही. त्याआधी दोन छोट्या लढती झाल्या होत्या. समोर पहिल्यांदा एक मुलगी होती, तेरा-चौदा वर्षांची. आम्ही सोनक्योत बसलो तेव्हा तिची नजर खाली माझ्या पट्टीवर गेली, तिथे क्षणभर थांबली आणि परत वर आली. मी उभी राहिले आणि पोटातून ओरडले.

निकाल फळ्यावर क्रमांकांनी लागतो. माझा क्रमांक होता. बाहेर पायऱ्यांवर सेन्सेई थर्मासमधला बार्लीचा चहा पेल्यात ओतत बसले होते. मी समोर वाकून नमस्कार केला. त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “शिंदे, डावी टाच अजून खाली राहते. बुधवारी लवकर ये.”